डेलट्री: डॉस आणि विंडोज ९५-९८ वर नको असलेले फोल्डर उडवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मशीन अजून चालू आहेत. एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथला जोडलेलं ४८६ (जुन्या ४८६ चिपचा पीसी) असतं. छापखान्यात विंडोज ९८ असतं, कारण जुने मराठी फॉन्ट आणि पॅरलल पोर्टचं डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून जोडायचा छोटा तुकडा) नव्या मशीनवर चालत नाही. कुणी लहानपणीचा कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवून पुन्हा सुरू केलेला असतो. या सगळ्यांची डिस्क कधी ना कधी भरते आणि मग डेलट्रीबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एक सूचना आधीच. या पानावर आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या. डेलट्रीचं स्पेलिंग डी-ई-एल-टी-आर-ई-ई, सगळं सलग.

प्र. १. डेलट्री म्हणजे नेमकं काय? हा व्हायरस तर नाही ना?

नाही. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० (आज्ञा टाइप करून चालवायची जुनी सिस्टीम) बरोबर दिलेला हा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तुम्ही डिरेक्टरीचं, म्हणजे फोल्डरचं, नाव द्यायचं. तो तिच्यातल्या फायली, पोट-डिरेक्टऱ्या, त्यांच्यातल्या फायली आणि शेवटी ती डिरेक्टरी असं सगळं एका दमात काढून टाकतो. खोडासकट झाड, म्हणून नावात 'ट्री'.

व्हायरसची शंका येते त्यालाही कारण आहे. नव्वदच्या दशकात पोरं खोडसाळपणे ही आज्ञा बॅच फाइलमध्ये (एकामागोमाग चालवायच्या आज्ञांची फाइल) लपवून 'गेम आहे, चालवून बघ' म्हणत फ्लॉपीवर द्यायची. दोष फ्लॉपी देणाऱ्याचा होता, बदनाम झाला तो प्रोग्रॅम.

प्र. २. माझ्या मशीनवर तो कुठे सापडेल?

डॉस ६ च्या कुठल्याही आवृत्तीत सी:\डॉस मध्ये. विंडोज ९५, ९८ आणि एमई मध्ये सी:\विंडोज\कमांड मध्ये. डॉस ५ किंवा त्याआधीचं असेल तर तो नाहीच (प्र. ३ पाहा). एनटी, २०००, एक्सपी आणि त्यापुढच्या विंडोजमध्येही नाही (प्र. १३ पाहा). फ्रीडॉसमध्ये (डॉससारखीच फुकट सिस्टीम) मात्र त्याच नावाचा प्रोग्रॅम आहे.

प्र. ३. आरडी ही आज्ञा असताना वेगळा प्रोग्रॅम कशाला लागला?

कारण आरडी फक्त रिकामी डिरेक्टरी काढते. आत एक फाइल जरी असली तरी 'इनव्हॅलिड पाथ, नॉट डिरेक्टरी, ऑर डिरेक्टरी नॉट एम्प्टी' असं एकाच वाक्यात तीन कारणं सांगून हात वर करते. त्यातलं आपलं कारण कुठलं, ते आपणच शोधायचं.

डॉस ५ पर्यंत ही हमाली हातानेच होती. सगळ्यांत आतल्या डिरेक्टरीत जा, अॅट्रिब आज्ञेने फायलींच्या रीड-ओन्ली (फक्त वाचण्यासाठी) आणि हिडन (लपवलेली) या खुणा काढा, डेल आज्ञेने फायली पुसा, एक पायरी वर या, आरडी द्या, आणि पुन्हा तेच. पाच-सहा पातळ्या खोल गेलेलं पॅकेज काढायला चहा गार व्हायचा. ज्यांच्याकडे एक्सट्री गोल्डसारखा फायली सांभाळणारा प्रोग्रॅम होता ते हे काम आधीपासूनच सुखाने करत होते. मायक्रोसॉफ्टने ती सोय उशिरा दिली, असं माझं मत.

प्र. ४. पहिल्यांदाच वापरतोय. पायरी-पायरीने सांगाल का?

समजा सी ड्राइव्हवरची जंक नावाची डिरेक्टरी काढायची आहे.

आधी तिच्या बाहेर या: सीडी \ आणि एंटर. ज्या फांदीवर बसलोय ती तोडायची नसते.

मग आत काय आहे ते बघा: डीआयआर सी:\जंक /एस /ए /पी. यातला /एस आतल्या डिरेक्टऱ्याही दाखवतो, /ए लपवलेल्या फायली दाखवतो आणि /पी पडदा भरला की थांबतो. कंटाळा आला तरी ही यादी शेवटपर्यंत वाचा. नंतर या पानावर परत येणाऱ्यांतल्या बहुतेकांनी हीच पायरी गाळलेली असते.

आता: डेलट्री सी:\जंक

पडद्यावर विचारणा येते: 'डिलीट डिरेक्टरी "सी:\जंक" अँड ऑल इट्स सबडिरेक्टरीज?' आणि पुढे चौकटी कंसात वाय-एन. अवतरणचिन्हांतलं नाव एकेक अक्षर वाचा. बरोबर असेल तर वाय आणि एंटर. पुढे 'डिलिटिंग' असं येऊन कर्सर परत प्रॉम्प्टवर आला की काम झालं. किती फायली गेल्या, किती जागा सुटली, याचा हिशेब तो देत नाही. ते डीआयआरच्या शेवटच्या ओळीत बघा.

प्र. ५. /वाय लावल्याने काय होतं? सगळे तसंच लिहितात.

/वाय म्हणजे 'विचारू नकोस, हो समज.' तो बॅच फाइलसाठी आहे, जिथे उत्तर द्यायला माणूस बसलेला नसतो. हाताने आज्ञा देताना तो लावण्याची काहीच गरज नाही. वाचतं ते एक बटण, आणि जातो तो एकमेव प्रश्न जो तुम्हाला थांबवू शकला असता.

प्र. ६. चांदणी (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') वापरली तर चालते का? म्हणजे एकदम पाच-सहा फोल्डर उडवता येतील.

चालते, आणि हाच या प्रोग्रॅमचा सगळ्यांत धारदार कोपरा आहे. जरा सविस्तर सांगतो.

डेलची चांदणी फक्त फायलींना लागते. डेलट्रीची चांदणी त्या नमुन्यात बसणाऱ्या फायली आणि डिरेक्टऱ्या दोन्हींना लागते. /वाय नसेल तर तो प्रत्येक नावाला वेगळं विचारतो. /वाय असेल तर सगळं एका झटक्यात.

हे मी शिकलो ते एका पतसंस्थेत. तिथलं खातेवहीचं पॅकेज फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये होतं. डिस्क भरली होती, आणि जुन्या वर्षांच्या बॅकअपच्या डिरेक्टऱ्या ओल्ड९४, ओल्ड९५, ओल्ड९६ अशा रांगेत दिसत होत्या. मी रुबाबात डेलट्री /वाय ओल्ड* दिलं. त्याच जागी ओल्डबॅल नावाची एक डिरेक्टरी होती. नावात ओल्ड असलं तरी तिच्यात चालू वर्षाची आरंभीची शिल्लक होती, आणि पॅकेज रोज तिथूनच आकडे उचलायचं. दुसऱ्या क्षणी प्रत्येक सभासदाच्या खात्यावर आरंभी शून्य. पॅकेज लिहिणाऱ्याने ते नाव का दिलं ते तोच जाणे, पण यादी न बघता आज्ञा देणारा मी होतो. नशिबाने वर्षअखेरीची खतावणी डॉट मॅट्रिक्सवर छापून बाइंड करून ठेवलेली होती. रात्री दोनपर्यंत क्लार्क आकडे वाचत होते आणि मी टाइप करत होतो. तेव्हापासून चांदणी असलेली कुठलीही आज्ञा मी आधी डीआयआरला देतो, म्हणजे डीआयआर ओल्ड* /ए, आणि जे पडद्यावर दिसेल तेच जाणार असं धरून चालतो.

मोकळ्या जागेचा सापळाही याच जातीचा. सी:\ आणि टेम्प यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली तर डेलट्रीला दोन वेगळे पत्ते दिसतात. पहिला पत्ता म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह. विचारणा चालू असेल तर अवतरणचिन्हांत नुसतं सी:\ दिसेल आणि तुम्ही एन दाबाल. /वाय असेल तर दाबायला काही उरत नाही.

प्र. ७. रीड-ओन्ली, हिडन, सिस्टीम फायली वाचतील ना?

नाही वाचणार. डेल अशा फायलींपुढे थांबते, डेलट्री थांबत नाही आणि सांगतही नाही. 'महत्त्वाची फाइल मी रीड-ओन्ली करून ठेवली होती' या भरवशावर राहू नका.

प्र. ८. डॉस मोडमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या जागी प्रोग्रा~१ दिसतं. नेमकं कुठलं नाव देऊ?

विंडोज ९५-९८ चालू असताना उघडलेल्या डॉसच्या खिडकीत लांब नाव चालतं, पण स्पेस असेल तर ते अवतरणचिन्हांत हवं. अवतरणचिन्हं विसरलात तर प्र. ६ मधला मोकळ्या जागेचा सापळा लागू. विंडोज न उघडता थेट डॉसमध्ये गेलात तर फक्त आखूड नावं: आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं.

तिल्डेपुढचा (~) आकडा अंदाजाने लिहू नका. सुरुवातीची सहा अक्षरं सारखी असलेल्या फोल्डरांना तो साधारणपणे ज्या क्रमाने ते तयार झाले त्या क्रमाने मिळतो. तुमच्या शेजाऱ्याच्या मशीनवरचं ~२ तुमच्याकडे ~१ असू शकतं. डॉसच्या खिडकीत डीआयआर दिलं की डावीकडे आखूड आणि उजवीकडे लांब नाव एकाच ओळीत दिसतं. ते कागदावर उतरवून घ्या आणि मग डॉस मोडमध्ये जा.

प्र. ९. दर वेळी मशीन सुरू होताना टेम्प (तात्पुरत्या फायलींचा फोल्डर) आपोआप साफ व्हावं, यासाठी ऑटोएक्झेकमध्ये (सुरुवातीलाच आपोआप चालणारी बॅच फाइल) ओळ टाकू का?

टाका. त्या काळी अर्धा गाव ते करत होता आणि कल्पना चांगलीच आहे. विंडोज उघडायच्या आधी कुठलीच टेम्प फाइल वापरात नसते. फक्त ओळ अशी लिहा: डेलट्री /वाय सी:\विंडोज\टेम्प\*.* म्हणजे आतलं सगळं जाईल आणि टेम्प डिरेक्टरी राहील. शेवटचं \*.* गाळलंत तर टेम्पच जाईल आणि काही प्रोग्रॅम 'जागा नाही' म्हणून रडतील. तसं झालंच तर पुढच्या ओळीत एमडीने ती परत करून द्या.

सरळ पत्त्याऐवजी %टेम्प% हे चल (ज्यात पत्ता साठवलेला असतो असं नाव) वापरून शहाणपणा करू नका. याला दोन कारणं. एक, डॉस ५ आणि ६ चं सेटअप ऑटोएक्झेकमध्ये बहुधा सेट टेम्प=सी:\डॉस अशी ओळ घालून जातं. म्हणजे टेम्प साफ करायला गेलात आणि डॉसच साफ झालं. दुसरं कारण जास्त वाईट आहे. ते चल सेटच झालेलं नसेल तर %टेम्प%\*.* मधला पहिला भाग गळून पडतो आणि उरतं नुसतं \*.* म्हणजे त्या ड्राइव्हच्या मुळापासून सगळं. आणि बॅच फाइल असल्यामुळे /वाय तर लावलेलाच असतो.

प्र. १०. दोन तास झाले, अजून 'डिलिटिंग' दिसतंय. अडकलं का?

बहुतेक अडकलेलं नाही, हळू चाललंय. विंडोज ९८ मधून डॉस मोडमध्ये गेल्यावर डिस्क कॅश (डिस्कचं काम आधी मेमरीत साठवून वेग वाढवणारी सोय) आपोआप चालू नसते. हजारो छोट्या फायली असतील, टेम्पररी इंटरनेट फाइल्ससारख्या, तर प्रत्येक फायलीसाठी डिस्कचं हेड इकडून तिकडे धावतं. ती कुरकुर ऐकू येत असेल आणि दिवा लुकलुकत असेल तर थांबा.

पुढच्या वेळी डेलट्रीच्या आधी नुसतं स्मार्टड्राइव्ह (ही कॅश चालू करणारा प्रोग्रॅम) द्या. स्पेलिंग एस-एम-ए-आर-टी-डी-आर-व्ही, फाइल सी:\विंडोज मध्येच असते. तासांचं काम मिनिटांवर येतं, अतिशयोक्ती नाही. फक्त काम संपल्यावर लगेच बटण बंद करू नका. आधी स्मार्टड्राइव्ह /सी द्या, म्हणजे कॅशमध्ये अडकलेलं सगळं डिस्कवर लिहिलं जाईल.

प्र. ११. चुकून नको ते उडालं. परत मिळेल का?

आधी मशीनला हात लावणं थांबवा. नवीन काही कॉपी करू नका आणि विंडोजही उघडू नका. ते उघडतानाच डिस्कवर बरंच काही लिहितं.

रीसायकल बिनमध्ये शोधू नका, डेलट्री तिकडे फिरकतही नाही. पण मजकूर डिस्कवरून लगेच पुसला जात नाही, हेही खरं. फॅट पद्धतीच्या (डॉस आणि विंडोज ९५-९८ ची फायली ठेवण्याची पद्धत) डिस्कवर फाइल डिलीट होते म्हणजे यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण येते आणि तिच्या तुकड्यांची साखळी दाखवणारी फॅटमधली नोंद शून्य होते. फाइल कुठून सुरू होते आणि किती लांब आहे हे यादीत शिल्लक असतं. म्हणून सलग लिहिलेली फाइल बऱ्याचदा पूर्ण परत येते. तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या फायलीची सुरुवात मिळते आणि पुढे भलत्याच फायलीचा मजकूर येतो.

डॉस ५ आणि ६ मध्ये अनडिलीट आहे. ते प्रत्येक फायलीचं गेलेलं पहिलं अक्षर तुम्हाला विचारतं. पण डॉसवर चालणारं अनडिलीट काढून टाकलेली डिरेक्टरी परत आणत नाही, आणि डेलट्री नेमकी डिरेक्टरीच काढतं. डॉस ६ सोबत विंडोज ३.१ साठी वेगळं अनडिलीट होतं, ते डिरेक्टऱ्याही आणायचं. ते घातलेलं असेल तर आधी तिथे प्रयत्न करा. विंडोज ९५-९८ च्या डिस्कवर डॉस ६ ची ही जुनी हत्यारं चालवू नका. त्यांना लांब नावं कळत नाहीत.

माझी आजची पद्धत साधी आहे. डिस्क काढतो, आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या मशीनला लावतो, तिची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेतो आणि त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फायली परत मिळवणारे प्रोग्रॅम चालवतो. दोन्ही फुकट आहेत. फोटोरेक फायलींची मूळ नावं देत नाही, त्यामुळे हजार फायलींतून आपलं पत्रक शोधायची तयारी ठेवा.

प्र. १२. 'इनकरेक्ट डॉस व्हर्जन' येतं. प्रोग्रॅम खराब आहे का?

खराब नाही, दुसऱ्या घरचा आहे. डॉस ६.२२ च्या फ्लॉपीवरून उचललेला डेलट्री विंडोज ९८ च्या डॉसवर चालायला नकार देतो, आणि उलटही. ज्या आवृत्तीचं डॉस, त्याच आवृत्तीचा डेलट्री घ्या.

प्र. १३. एक्सपीवर डेलट्री टाइप केलं तर ओळखतच नाही. मग काय वापरू?

एनटीच्या घराण्यात, म्हणजे २०००, एक्सपी ते आजपर्यंत, ते काम आरडीलाच दिलंय: आरडी /एस आणि मग फोल्डरचं नाव. विचारू नये असं वाटत असेल तर /क्यू. दोन फरक लक्षात ठेवा. आरडी चांदणी घेत नाही, जे एका अर्थी बरंच आहे. आणि ती फक्त फोल्डर काढते, सुटी फाइल नाही. उलट दिशेने, विंडोज ९८ च्या आरडीला /एस माहीत नाही.

प्र. १४. डीआयआरमध्ये 'गेम्स' दिसतं, पण ते नाव दिलं की सापडत नाही म्हणतं. भुताटकी आहे का?

कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमधून आलेलं मशीन आहे का? असेल तर हे कुठल्या तरी बॅचच्या पोरांचं काम. ऑल्ट दाबून ठेवून न्यूमेरिक पॅडवर २५५ टाइप केलं की एक न दिसणारं अक्षर उमटतं. नावाच्या शेवटी ते घातलं की सरांना डिरेक्टरी दिसायची, पण उघडता यायची नाही. आत अर्थातच गेम असायचे.

उपाय तोच: डेलट्री गेम्स लिहा, स्पेस न देता ऑल्ट-२५५ करा आणि एंटर. अक्षर शेवटी नसून मध्ये असेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह देऊन बघा. पण प्रश्नचिन्हाच्या जागी दुसरं कुठलंही अक्षर बसतं, तेव्हा /वाय न लावता प्रत्येक विचारणा वाचा.

नावात कचऱ्यासारखी चित्रविचित्र चिन्हं असतील तर मात्र ती पोरं नव्हेत, डिस्कचं दुखणं आहे. डेलट्री बाजूला ठेवा आणि आधी स्कॅनडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) चालवा.

प्र. १५. अनइन्स्टॉल न करता सॉफ्टवेअरचा फोल्डरच उडवला तर?

डॉसचं सॉफ्टवेअर असेल तर खुशाल. त्याचा संसार बहुतेक त्याच डिरेक्टरीत असतो. फार तर ऑटोएक्झेकमधल्या पाथच्या ओळीतून त्याचं नाव काढा. डेटाही तिथेच आत एखाद्या डेटा नावाच्या डिरेक्टरीत असतो, तेवढा आधी बाहेर काढा.

विंडोजचं असेल तर नको. अर्धे डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या सामायिक फायली) विंडोज\सिस्टीम मध्ये राहतात आणि नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) राहतात. 'अॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' मधून काढा, आणि त्यानंतर उरलेल्या सांगाड्याला डेलट्री लावा.

प्र. १६. विंडोज ९८ नव्याने टाकायचंय. बूट फ्लॉपीवरून जुना विंडोज फोल्डर डेलट्रीने काढू?

काढता येतो, पण ९८ च्या स्टार्टअप डिस्कवर डेलट्री नसतो. तो सी:\विंडोज\कमांड मध्ये असतो, म्हणजे नेमका त्याच फोल्डरात जो तुम्ही काढणार आहात. तेव्हा डेलट्री आणि स्मार्टड्राइव्ह या दोन्ही फायली आधी फ्लॉपीवर कॉपी करून घ्या. 'माय डॉक्युमेंट्स' मुळाशी असतो, तो वाचेल. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं विंडोजच्याच आत असतं, हे अनेकांना नंतर कळतं. डिस्कवरचं काहीच ठेवायचं नसेल तर डेलट्री कशाला, सरळ फॉरमॅट करा.

प्र. १७. मशीन विकायचंय. डेलट्रीने डेटा कायमचा जाईल का?

नाही. कारण प्र. ११ मध्ये आहे. जे तुम्हाला परत मिळू शकतं, ते घेणाऱ्यालाही मिळू शकतं. पतसंस्थेची किंवा दवाखान्याची डिस्क असेल तर ती मशीनबरोबर देऊच नका.

प्र. १८. ऑफिसात कुणीही येऊन चालवतं. डेलट्री बंद कसा करू?

फायलीचं नाव बदला. पूर्वी लॅबमध्ये हेच करायचे. मी त्याला आडनावासारखं काहीतरी देतो आणि डेलट्री नावाची एक बॅच फाइल ठेवतो, जी आधी डीआयआर /एस /ए /पी दाखवते, पॉजवर थांबते आणि मगच खऱ्या प्रोग्रॅमला हाक मारते. कंट्रोल-सी दाबून त्या पॉजवर माघार घेता येते. मीही घेतली आहे.

प्र. १९. डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) जुने गेम चालवतो. तिथे डेलट्री बिनधास्त वापरू ना? ते तर खोटं मशीन आहे.

मशीन खोटं असलं तरी डिस्क खरी असते. माउंट आज्ञेने तुम्ही जो फोल्डर सी म्हणून जोडता तो तुमच्या लॅपटॉपवरचा चालू फोल्डर असतो. डॉसबॉक्सच्या आतून उडवलेलं बाहेरूनही जातं, तेही रीसायकल बिनमध्ये न थांबता. साध्या डॉसबॉक्समध्ये डेलट्री नसतो, आणि ते स्वतःला डॉस ५ म्हणवतं, म्हणून ६.२२ चा डेलट्री आणून टाकलात तर प्र. १२ मधला निरोप येईल. गेमसाठी एक वेगळा फोल्डर करा आणि तेवढाच माउंट करा. अख्खा लॅपटॉपचा सी ड्राइव्ह माउंट केलात तर स्वतः डॉसबॉक्सही तसं करू नका म्हणून इशारा देतं.